चोवीस तोंडं

"सुपडू, तिला सांग, उद्यापासून गिरणी बंद."

लोटन आबा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. गिरणीच्या दारात, पायातल्या वहाणा न काढता. मी बाजरीचा डबा उचलून गिरणीत ओतत होते. आमच्या दोघांच्या मधे सुपडू भाऊजी. त्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"वहिनी, आबा म्हणतात, उद्यापासून गिरणी बंद."

"ऐकलं मी. त्यांना विचारा, का?"

"आबा, वहिनी विचारतात, का?"

"ऐकलं मी," आबा म्हणाले.

आज हे सांगितलं की माझी नातसून पोट धरून हसते. ती तिच्या जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, गाडीत पुढच्या सीटवर बसून बाजाराला जाते. आमच्या वेळी जेठासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत होती. मधे कुणीतरी लागायचं. कुणी नसलं तर खांबाला सांगायचं, म्हशीला सांगायचं. लोटन आबा माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. माझी मुलगी लग्न होऊन सासरी गेली, नवरा वारला, माझे केस पांढरे झाले, तरी त्या दिवसापर्यंत मी आबांशी एक शब्द थेट बोलले नव्हते. त्यांनी तर माझं नावही कधी घेतलं नव्हतं. मी 'ती', नाहीतर 'ती बाई'. सुपडू भाऊजी माझे चुलत दीर. त्यांचं अर्धं आयुष्य आमच्या दोघांचे निरोप दोन हातांवरून इकडचे तिकडे करण्यात गेलं.

"वहिनी," भाऊजी आता स्वतःच्या आवाजात म्हणाले, "शाळेत ते नवीन यंत्र आलंय ना, इंटरनेटचं? त्याच्या पाटीवरचा आकडा बघितला आम्ही. अकराशे पन्नास वॅट. सौरघराला झेपणार नाही. एक काहीतरी उतरवावं लागेल."

"आणि उतरवायला माझीच गिरणी सापडली?"

"अकराशेची दुसरी वस्तूच नाही ना गावात."

"आबांना म्हणावं, दवाखान्यातला लसींचा फ्रीज उतरवा. शाळेतले पंखे उतरवा. तुमच्या ओसरीवरचा टीव्ही उतरवा."

भाऊजींनी हे सांगायला तोंड उघडलं, पण आबा आधीच वळले होते. जाता जाता म्हणाले, "तिला सांग, उद्या दुपारी शाळेच्या ओट्यावर सभा आहे. यायचं असेल तर ये म्हणावं. नाही आली तरी चालेल."

आमचं वडपाणी साक्री तालुक्याच्या अगदी पश्चिमेला, डोंगराच्या पोटात. विजेचे खांब आमच्याकडे केव्हाच आले होते. त्यांच्यावर तारा मात्र आल्या नव्हत्या. खांबांना लोक बैल बांधायचे. मग नाशिकच्या एका संस्थेने शाळेच्या छतावर सौरपट्ट्या बसवल्या, मागच्या पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्या ठेवल्या आणि इन्व्हर्टर लावला. त्या खोलीला गाव सौरघर म्हणायचं. इन्व्हर्टरला एका वेळी तीन हजार वॅट झेपायचे. त्याच्या वर भार गेला की तो चिर्र ओरडायचा आणि सगळं गाव बंद.

म्हणून आबांनी पहिल्या दिवशीच नियम घातला होता. वस्तूच्या पाटीवर जेवढे वॅट, तेवढे तिच्या नावावर. सगळ्या पाट्यांची बेरीज तीन हजारांत बसली पाहिजे. आबा सौर समितीचे अध्यक्ष होते, पण त्याआधी ते पाटकरी होते. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाचं पाणी प्रत्येकाच्या शेतात वाटून देणारा तो पाटकरी. आबांच्या बापाने ते काम केलं, आज्याने केलं. प्रत्येक शेताला पाटाच्या काठात एक दगडी तोंड असतं, आणि जमिनीच्या हिश्श्याप्रमाणे त्या तोंडाची रुंदी ठरलेली असते. विजेचंही आबांनी तसंच लावलं. पाटीवरचा आकडा म्हणजे तोंडाची रुंदी. गावाला ते लगेच कळलं, कारण गावाला वाटणी म्हणजे एवढंच ठाऊक होतं.

मला मात्र त्या तोंडांची आठवण चांगली नव्हती.

माझा नवरा हिलाल वारला, तेव्हा आबांनी निरोप धाडला होता की जमीन माझ्याकडे कसायला दे, तुला वर्षाचं धान्य पोचतं करीन. मी नाही म्हटलं. त्या वर्षी बैल नव्हते, माणूस नव्हतं, मला अर्धंच शेत पेरता आलं. पाण्याची पाळी आली आणि मी शेतावर जाऊन बघते तर माझ्या तोंडात एक मोठा काळा दगड बसवलेला. तोंड निम्मं बुजवलेलं. आबा बांधावर उभे होते.

"सुपडू, तिला सांग, तहान अर्धी तर तोंड अर्धं."

पुढच्या वर्षी मी सगळं शेत पेरलं. दगड तिथेच. मी विचारायला लावलं. निरोप आला, पुढच्या पाळीला बघू. त्या पुढच्या वर्षीही, पुढच्या पाळीला बघू. माझ्या शेताचा वरचा तुकडा दर साली गहू ओंबीवर आला की वाळायचा. शेवटी दोन म्हशी विकल्या आणि ही दीड हॉर्सपॉवरची गिरणी घेतली. तोवर गावातल्या बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन डोंगर उतरून दोन कोसांवर जायच्या. दुपारी ऊन चांगलं असलं की माझी गिरणी चालायची. सुरू होताना शाळेतला पंखा एक गटांगळी खायचा आणि पोरं ओरडायची, "केसर आजी आली!" गरम पिठाचा तो वास, आणि दारात बसलेल्या बायकांच्या गप्पा. आबांना ते दोन्ही सहन होत नव्हतं. त्यांच्या घरचं एक पायलीचं दळणही माझ्याकडे कधी आलं नाही. त्यांची बायको, माझी जाऊ, पहाटे जात्यावर बसायची. गिरणी आल्यावरही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ओट्यावर जाऊन बसले. खांबाला टेकून, पदर ओढून.

ते यंत्र टेबलावर ठेवलेलं होतं. काळपट, लांबट पत्र्याचा डबा. पुढच्या बाजूला चौकोनी भोकांच्या दोन रांगा. त्याला स्विच म्हणायचे. आपण दिव्याचं बटण म्हणतो तो हा स्विच नाही. समोरच्या डोंगरावरून हवेतून येणारं इंटरनेट शाळेच्या छतावरचा छोटा रेडिओ पकडायचा, आणि ते तारेने या डब्यात येऊन पुढे दवाखान्यात, पंचायतीत वाटलं जायचं. कुठल्याशा कंपनीने ऑफिस हलवताना संस्थेला देऊन टाकलेलं. त्याच्यासोबत संस्थेची इंजिनिअर मुलगी आली होती, ऋजुता. जीन्स, पाठीवर पिशवी. आल्याबरोबर माझ्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "केसरताई, काळजी करू नका. त्यांचा गुणाकार चुकलाय."

मला ती पोरगी फार आवडली.

आबा खुर्चीवर बसले. "सुपडू, वाच."

भाऊजी बारावी सायन्स. गावातला इंग्रजीचा हिशोब त्यांच्याकडे. त्यांनी डबा उलटा केला, चष्मा वर केला. "शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. पाच अँपिअर. आपल्याकडे दाब दोनशे तीसचा. दोनशे तीस गुणिले पाच, अकराशे पन्नास."

"झालं," आबा म्हणाले. "पाटी बोलली. गिरणी उतरवा."

"नाही झालं," ऋजुता उठली. "आबा, ही पाटी एका देशासाठी नसते. काही देशांत वीज शंभर व्होल्टचीच असते. तिथे हा डबा अगदी पुरता कामाला लागला तरच पाच अँपिअर लागतील. आपल्याकडे दाब दुपटीहून जास्त, म्हणजे प्रवाह निम्म्याहून कमी. दोनशे तीसला पाचाने गुणायचंच नसतं. लहान दाबाचा आकडा तुम्ही मोठ्या दाबाला लावलात."

"म्हणजे पाटी खोटी?"

"पाटी खरी आहे. पण ती सांगते की वायर, फ्यूज केवढ्या ताकदीचे लावा. रोज किती वीज खाणार, ते ती सांगत नाही."

"आमच्या गावात पाटी म्हणजे वाटणी, पोरी. तुझ्या नाशकात काय असेल ते असो."

"मग मोजून बघू या का?"

तिने पिशवीतून मुठीएवढा मीटर काढला. भिंतीतल्या सॉकेटमधे तो लावला, त्याच्यात डब्याची वायर. डब्यातला पंखा घुंई करून सुरू झाला. हिरवे दिवे लुकलुकले. छतावरच्या रेडिओची, दवाखान्याची, पंचायतीची, अशा तीन तारा तिने भोकांत खुपसल्या. दवाखान्याच्या खोलीतून नर्सबाई ओरडल्या, "आलं, आलं!"

"भाऊ, तुम्हीच वाचा," ती भाऊजींना म्हणाली.

भाऊजी वाकले. पुन्हा वाकले. मग आबांकडे न बघता म्हणाले, "चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीसशे?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. नुसतेच चव्वेचाळीस."

ओट्यावर हशा पिकला. भिकूबाई, जिची जीभ गावात सगळ्यात तिखट, मागून म्हणाली, "आबा, तुमच्या मोरीतला पिवळा बल्ब याच्याहून जास्त पितो, माय! आधी तो उतरवा."

"बल्ब कशाला, आबांनाच उतरवा," आणखी कुणीतरी.

मी पदराआड हसले. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आबांची मान लाल झालेली दिसत होती. सगळ्या गावासमोर ते चुकले होते, आणि तेही आकड्यात. पाटकऱ्याने आकड्यात चुकणं म्हणजे काय, ते आमच्या गावातच कळेल.

"मग लिहा ठरावात," ऋजुता म्हणाली. "स्विच, चव्वेचाळीस वॅट. तीन हजारांत अजून तीनशेची जागा शिल्लक आहे. गिरणीला धक्का नाही."

"लिहितो," भाऊजी म्हणाले.

"थांब," आबा म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले आणि टेबलापाशी गेले. वाकून त्या डब्याकडे बघत राहिले. पाटाची पाहणी करताना ते असेच बघायचे, हात मागे बांधून. मग एकेका भोकावरून बोट नेलं.

"तोंडं किती याला?"

"चोवीस," ऋजुता म्हणाली.

"उघडी किती?"

"म्हणजे वापरात? तीन."

"या तारेतून नुसता निरोप जातो, का वीज पण जाते?"

ऋजुताने छताकडे बोट केलं. "काही वस्तूंना वीज पण जाते. छतावरच्या रेडिओला या तारेतूनच मिळते. वेगळी वायर ओढावी लागत नाही, ती सोय आहे याच्यात."

"एका तोंडातून जास्तीत जास्त किती?"

"पंधरा वॅट."

"चोवीस तोंडं उघडली तर?"

"आबा, तेवढी कोण उघडणार? तुमचं गाव केवढं…"

"मी काय विचारलं? उघडली तर?"

"तीनशे साठ," भाऊजींनीच सांगितलं. यावेळी गुणाकार बरोबर होता.

"आणि डब्याचं स्वतःचं खाणं?"

"ते धरून, मधली गळती धरून, साडेचारशे," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता. "पण आबा, ती शेवटची हद्द आहे. आज तो चव्वेचाळीसच घेतोय. वस्तू जेवढी मागेल तेवढंच जातं. पाण्यासारखं नाही ते, की तोंड ठेवलं आणि वाहत सुटलं."

"पुढे काय काय लावणार आहात?"

"पुढच्या टप्प्यात… कंपनी कॅमेरे देतेय. चौकात, पाण्याच्या टाकीवर, शाळेभोवती. पंचायतीत फोन."

"ते कशावर चालणार?"

तिने डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "याच्यावर."

"तेव्हा चव्वेचाळीस राहील?"

"नाही. पण ते तेव्हा बघू ना, आबा."

तेव्हा बघू. माझं हसू तिथेच थांबलं.

ती पोरगी मनाने चांगली होती. माझ्या बाजूने उभी होती. पण 'बघू' हा शब्द मी माझ्या शेताच्या वाळलेल्या तुकड्यात उभी राहून दर साली ऐकला होता. मला डोळ्यासमोर लख्ख दिसलं. ठरावात चव्वेचाळीस लिहिले जातील. मग एक कॅमेरा येईल, मग चार, मग वीस. कुणी ठराव उघडणार नाही. एका दुपारी गिरणी सुरू करताना इन्व्हर्टर चिर्र ओरडेल, गाव बंद पडेल, आणि सगळे विचारतील, काय चालू केलं होतं? केसरची गिरणी. डब्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. तो तर बल्बाएवढाच पितो, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

आबा खुर्चीवर परत बसले. "दिलेलं तोंड कुणी ना कुणी उघडतंच," ते म्हणाले. "आज तहान नाही म्हणून रुंद तोंड देऊन ठेवायचं नसतं. वाटणी तोंडाची करतात, तहानेची नाही. साडेचारशे लिही, सुपडू. तीनशेत बसत नाही. गिरणी उतरव."

आता ओट्यावर कुणी हसत नव्हतं. भिकूबाईसुद्धा नाही. ऋजुता माझ्याकडे बघत होती, की ताई, काहीतरी बोला.

मी उठले. पदर सरकला की मी सरकवला, मला आठवत नाही. समोर आबांचा चेहरा होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तो पहिल्यांदा सरळ बघितला. त्यांच्या एका भुवईत खाच आहे हेसुद्धा मला तोवर ठाऊक नव्हतं.

"आबा," मी म्हणाले.

भाऊजी सवयीने वळले. "आबा, वहिनी म्हणतात…"

"तुम्ही गप बसा, भाऊजी. आबा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तोंड मोजायचं, तहान नाही."

माझ्या बाजूच्या बायकांत कुजबूज झाली. ऋजुता तर बघतच राहिली.

आबा भाऊजींकडे बघत म्हणाले, "सुपडू, तिला सांग, माझी बाजू घ्यायला तिला कुणी बोलावलं नव्हतं."

"बाजू नाही घेत मी. विचारते. तोंड मोजायचं असतं, तर हिलाल गेला त्या वर्षी माझ्या शेताची तहान कुणी मोजली होती? माझ्या तोंडात दगड कुणी बसवला?"

झाडाखाली बांधलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"सुपडू, तिला सांग, हा विषय सभेचा नाही."

"मला सांगायला भाऊजी कशाला पाहिजेत? मी इथे आहे. माझ्या शेताला तहान अर्धी होती तेव्हा तोंड अर्धं केलंत. तहान पुरी झाली तेव्हा तोंड का नाही पुरं केलं? तेव्हा तहानेची वाटणी आणि आज तोंडाची? पाटकरी एकच, मग मापं दोन कशी?"

आबांच्या मांडीवरची मूठ आवळली गेली. "लाज आहे का काही हिला? जेठासमोर…" ते कुणाला सांगत होते कोण जाणे. भाऊजींना नाही, मला नाही.

"लाज आहे म्हणून तर इतकी वर्षं खांबाशी बोलले. आता ऐका. तुम्हाला तोंडच मोजायचं ना? मोजा. पण बुजवलेलं तोंडही मोजा. बुजवलेल्या तोंडातून एक थेंब जात नाही, हे या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" मी डब्याकडे बोट केलं. "तीन लागतात ना? तीन ठेवा. एकवीस बुजवा. मग साडेचारशे लिहायची गरज नाही आणि चव्वेचाळीसही नाही. तीन तोंडांचं पुरं माप लिहा. ज्याला चौथं उघडायचं असेल त्याने इथे या ओट्यावर यायचं, सगळ्या गावासमोर विचारायचं, आणि कुणाचं काय उतरवायचं ते आधी सांगायचं. तेव्हा बघू नाही. आधी बघू."

भिकूबाई म्हणाली, "आता बोला." पण हळू.

भाऊजींनी दोनदा पेनाचं टोपण काढून लावलं. मग आबांनी ऋजुताला विचारलं, "बुजवता येतात?"

"येतात ना!" ती घाईने म्हणाली. "लॅपटॉपवरून एका मिनिटात. ज्या तोंडाची वीज बंद करायची…"

"आणि लॅपटॉपवरून परत उघडता पण येतात?"

"हो."

"नाशकातून?"

ती कसनुसं हसली. "हो. नाशकातूनही."

"मग ते बुजवणं नाही," आबा म्हणाले. "बुजवलेलं बांधावरून दिसलं पाहिजे. जाता येता कुणालाही."

ते उठले, शाळेच्या कुंपणाला लावलेल्या शेवरीची एक जाडशी काडी मोडली, कमरेचा चाकू काढला आणि ओट्याच्या पायरीवर बसले. एक खुंटी तासली, भोकात बसवून बघितली, जाड झाली, परत तासली. शेवरीचं लाकूड मऊ. पांढऱ्या ढलप्या त्यांच्या धोतरावर पडत होत्या. सभा संपली असं कुणी म्हटलं नाही. लोक उभे राहून बघत होते. ऋजुताने तिकडे लॅपटॉपवरूनही तोंडं बंद केली, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "दोन्ही राहू दे." एकविसावी खुंटी बसली तेव्हा आबांनी प्रत्येकीवर अंगठा दाबून बघितला, ओल्या मातीवर दाबतात तसा.

"सुपडू, लिही. तीन तोंडांचे पंचेचाळीस, डब्याचे स्वतःचे आणि गळतीचे मिळून पंचावन्न. शंभर. तीनशेत बसतंय." मग माझ्या दिशेने न बघता, "तिला सांग, गिरणी चालू राहील. आणि तिला सांग, पुन्हा गावासमोर असं बोलली तर मी ऐकून घेणार नाही."

"ऐकलं मी," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ताज्या बाजरीचं पीठ डब्यात भरून त्यांच्याकडे पाठवलं. का पाठवलं ते मलाही नीट सांगता आलं नसतं. डबा तसाच परत आला, झाकणही न उघडता. निरोप होता, आमच्या घरात जातं आहे.

मग मीही ठरवलं, संपलं. रस्त्यात आबा दिसले की मी पदर ओढून दुसऱ्या बाजूला वळायची आणि ते पलीकडच्या भिंतीकडे बघत जायचे. पुन्हा खांबाशी बोलणं सुरू झालं. ऋजुता अधूनमधून यायची आणि त्या खुंट्या बघून हसायची. कॅमेरेवाले एकदा आले होते, उरलेली एकवीसही तोंडं मागायला. ओट्यावर सभा झाली, कुणाचे पंखे उतरवायचे ते कुणी सांगेना, आणि ते चहा पिऊन परत गेले.

थंडी पडली. गहू वीतभर झाला. पाण्याची पाळी माझ्या शेतावर आली, तसं मी खोरं घेऊन गेले. नेहमीसारखी आधी वरच्या तुकड्याला किती पाणी देता येईल याचा हिशोब करत. पाट भरून आला होता. मी तोंडापाशी वाकले आणि तशीच राहिले.

काळा दगड नव्हता.

तो वर बांधावर उताणा पडला होता. इतक्या वर्षांची शेवाळाची बाजू उन्हाला लागून सुकत होती. तोंडाच्या दोन्ही कडा ओल्या चिकणमातीने नव्याने लिंपलेल्या, आणि मातीत अंगठ्याचे ठसे. रुंदी हिलाल असताना होती तेवढी. पाणी आत शिरत होतं ते दोन्ही काठांना घासून, आवाज करत. असा आवाज त्या तोंडातून येतो हे मी विसरूनच गेले होते. ते वरच्या तुकड्याकडे गेलं. वरचा तुकडा हळूहळू काळा पडत गेला.

मान वर केली तर पाटाच्या वरच्या अंगाला आबा उभे होते. माझ्याकडे पाठ. त्यांच्या आणि माझ्या मधे, बांधावर, सुपडू भाऊजी खोऱ्यावर हात टेकून उभे.

आबा न वळता ओरडले, पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"सुपडू! त्या बाईला सांग, पाणी जास्त झालं म्हणून माझ्याकडे यायचं नाही!"

भाऊजी माझ्याकडे वळले. त्यांनी तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मिटलं.

मी पदर कपाळावर ओढला.

"भाऊजी, आबांना सांगा," मी म्हणाले, "कमीच पडेल."